जान्हवीचे ओस पडलेले खोरे

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)

महाराष्ट्रातून दरवर्षी हजारो कुटुंबे उत्तराखंडाच्या चारधाम यात्रेला जातात. उत्तरकाशी सोडल्यावर भागीरथीच्या काठाने रस्ता चढू लागतो, हर्षिलचे देवदारवन मागे पडते आणि गंगोत्री काही किलोमीटरांवर आली की भैरवघाटीचा पूल लागतो. पुलाखाली, पाहताना डोळे फिरावेत इतक्या खोल घळीतून एक नदी फेसाळत वाहत असते. यात्रेकरूंचे मन एव्हाना गंगामातेच्या मंदिरात पोहोचलेले असते. त्यामुळे ही नदी कोणती, ती कोठून येते, असा प्रश्न फार थोड्यांना पडतो.

ही नदी म्हणजे जाधगंगा, पुराणांतील जान्हवी. भगीरथाच्या मागोमाग निघालेल्या गंगेच्या प्रवाहात जन्हु ऋषींची यज्ञभूमी वाहून गेली, संतापलेल्या ऋषींनी गंगा प्राशन केली आणि भगीरथाच्या विनवणीनंतर तिला कानावाटे पुन्हा मुक्त केले, ही कथा आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. गंगेला जान्हवी हे नाव त्यावरूनच पडले. परंतु त्या नावाची नदी ज्या खोऱ्यातून येते, ते नेलांगचे खोरे मात्र अर्धशतकाहून अधिक काळ देशवासीयांच्या नजरेआड राहिले. १९६२ मध्ये ते सामान्य नागरिकांना बंद झाले, आणि २०१५ मध्ये भारतीय पर्यटकांसाठी त्याचे दार किलकिले झाले. आजच्या विवेचनाचा विषय हे खोरे, तेथील वन्यजीव, तेथून उठवली गेलेली माणसे आणि तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांचे कर्तव्य हा आहे.

देवदारापासून वाळवंटापर्यंत

नेलांग खोरे उत्तरकाशी जिल्ह्यात, गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे २३९० चौरस किलोमीटर असून त्याची ईशान्य बाजू थेट तिबेटच्या सीमेला भिडते. भैरवघाटीहून नेलांग गाव सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर, साडेअकरा हजार फुटांच्या आसपास आहे. अंतर थोडे वाटले, तरी एवढ्या प्रवासात सृष्टीचे रूप पालटून जाते.

सुरुवातीला दोन्ही काठांवर देवदार आणि चिलाची दाट राई असते. वर जाऊ लागले की झाडे विरळ होतात. पांढऱ्या सालीची भोजपत्राची झाडे दिसू लागतात, ज्यांच्या सालीवर प्राचीन काळी ग्रंथ लिहिले जात. नंतर तीही संपतात आणि खुरट्या, काटेरी झुडपांचा, तांबूस-करड्या डोंगरांचा, निरभ्र आकाशाचा एक वेगळाच प्रदेश सुरू होतो. पावसाळी ढग दक्षिणेकडच्या उंच रांगांवरच रिते होतात, या पलीकडच्या खोऱ्यात त्यांतील फार थोडे पोहोचतात. म्हणूनच नेलांगचे रूप गढवालच्या हिरव्या दऱ्यांपेक्षा लडाख-स्पितीच्या शीत वाळवंटाशी अधिक जुळते. गढवाल आणि तिबेट या दोन भूरूपांचा सांधा प्रवाशाला एका दिवसात पाहता येतो, असा हा प्रदेश आहे.

या ओसाड वाटणाऱ्या उतारांवर जीवसृष्टी विपुल आहे. भरल, म्हणजे ज्यांना निळी मेंढी असेही म्हणतात त्यांचे कळप, रंगाने खडकांशी इतके एकरूप झालेले असतात की ते हलल्याशिवाय दिसत नाहीत. तपकिरी अस्वल, कस्तुरीमृग, हिमालयीन थार, लांडगा, हिमकुक्कुट आणि खालच्या पट्ट्यात उत्तराखंडाचा राज्यपक्षी असलेला मोनाल, ही तेथील प्रमुख प्राणिसंपदा. या सर्वांच्या शिखरावर आहे तो हिमबिबट्या.

हिमबिबट्या पाहण्याच्या आशेने जो नेलांगला जाईल, तो बहुधा निराश होऊन परतेल. हा प्राणी एकटा राहतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतो, आणि त्याचा वावर फार मोठ्या क्षेत्रात असतो. वनखात्याच्या आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनाही तो बहुतेक वेळा भेटतो तो खडकांत लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतच. २०१९ ते २०२३ या काळात देशातील हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध मोजणी झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यानुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत. त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत, आणि १२४ हिमबिबट्यांसह उत्तराखंडाचा क्रमांक दुसरा लागतो. उत्तराखंडातील त्यांच्या महत्त्वाच्या अधिवासांत गंगोत्री उद्यानाचे आणि त्यातील नेलांग खोऱ्याचे स्थान वरचे आहे. भरल टिकला तर हिमबिबट्या टिकतो, आणि गवताळ उतार टिकले तर भरल टिकतो, इतके हे गणित सरळ आहे.

मीठ, लोकर आणि टाकणखार

नेलांग हे केवळ वन्यजीवांचे खोरे कधीच नव्हते. तेथे नेलांग आणि जादुंग ही जाध समाजाची गावे होती. जाध हा भोटिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीमावर्ती समूहांपैकी एक समाज. त्यांची बोली तिबेटी कुळातील, आणि त्यांच्या श्रद्धाजीवनात बौद्ध पूजापद्धती व स्थानिक हिंदू दैवते शेजारी-शेजारी नांदतात. त्यांच्या वस्तीत बौद्ध मंदिरही दिसते आणि ग्रामदेवतेचे देऊळही.

त्यांचा मुख्य व्यवसाय पशुपालन आणि व्यापार हा होता. उन्हाळ्यात खिंडी मोकळ्या झाल्या की शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लहान लहान पिशव्या लादून धान्य, गूळ, कापड तिबेटात जाई आणि परत येताना मीठ, लोकर, टाकणखार येई. भैरवघाटीजवळ, जाधगंगेच्या उभ्या कड्यात खोदून काढलेली आणि लाकडी फळ्यांनी बांधलेली ‘गरतांग गली’ ही त्या व्यापाराची आजही दिसणारी खूण. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पेशावरच्या पठाणांनी ती बांधली असे सांगितले जाते. जेमतेम १३६ मीटर लांबीची ही वाट, पण तिच्या एका बाजूस कातळ आणि दुसऱ्या बाजूस शेकडो फूट खोल दरी. त्यावरून माणसे आणि जनावरे ओझी घेऊन ये-जा करीत. १९६२ नंतर ती ओस पडून मोडकळीला आली होती. डागडुजी होऊन ऑगस्ट २०२१ मध्ये ती पुन्हा खुली झाली.

या वाटेचे महत्त्व परकीयांनाही ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहरादूनच्या बंदिवान छावणीत असलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर १९४३ मध्ये पळून नेलांगपर्यंत पोहोचला आणि तेथेच पकडला गेला. १९४४ मध्ये त्याने पुन्हा तोच मार्ग धरला आणि या खेपेस तो सीमा ओलांडून तिबेटात शिरला. पुढे ल्हासात त्याने काढलेल्या वर्षांची कहाणी जगप्रसिद्ध झाली. तिचे पहिले पाऊल या खोऱ्यातून पडले होते, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही.

बासष्टचे वर्ष

स्वातंत्र्यानंतर तिबेट चीनच्या ताब्यात गेला आणि शतकानुशतके मित्रत्वाची असलेली सीमा एकाएकी संशयाची झाली. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयक व्यापाराचा करार झाला. ‘पंचशील’ या नावाने त्याचा मोठा गौरव झाला. परंतु अवघ्या दोन वर्षांत, १९५६ मध्ये, चिनी सशस्त्र तुकडी नेलांगच्या परिसरात आल्याबद्दल भारत सरकारला निषेध नोंदवावा लागला. म्हणजे दिल्लीत मैत्रीच्या घोषणा चालू असताना संकटाची पहिली चाहूल ज्यांना लागली, त्यांत नेलांगचे मेंढपाळ होते. सीमेवर राहणाऱ्या माणसाला जे आधी दिसते, ते राजधानीला उशिरा कळते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९६२ च्या युद्धाच्या वेळी नेलांग आणि जादुंग ही दोन्ही गावे रिकामी करण्यात आली. ग्रामस्थ हर्षिलजवळच्या बगोरीत आणि उत्तरकाशीच्या खालच्या अंगास असलेल्या डुंडा येथे स्थिरावले. खिंडी बंद झाल्या, व्यापार संपला. खोऱ्यात लष्कराचा आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला स्थापन झालेल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचा वावर राहिला. पुढे हा प्रदेश राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाला. ज्यांची घरे, शेते, देवळे तेथे होती त्यांना आपल्याच गावी जाण्यासाठी परवानगीची गरज भासू लागली. वर्षातून एकदा, ग्रामदैवताच्या पूजेसाठी, जाध कुटुंबे लालदेवतेच्या दर्शनाला तेथे जातात. पूजा होते, पडक्या भिंतींमधून आपले घर कोणते ते वडीलधारे नातवंडांना दाखवतात, आणि मंडळी परततात. त्या वेळी अंगणात खेळणारी मुले आज सत्तरीच्या घरात किंवा तिच्या पलीकडे आहेत. जमिनीचा मोबदला मिळावा आणि गावात पुन्हा राहता यावे, ही त्यांची मागणी तेव्हापासूनची आहे.

तेथील जवानांचे जीवनही या कहाणीचा भाग आहे. हिवाळ्यात तापमान शून्याच्या खूप खाली जाते आणि वाहते पाणी गोठते. १९९४ मध्ये पाण्याच्या शोधात गेलेले तीन जवान हिमकड्याखाली गाडले गेले. त्यांच्या स्मारकापाशी येणारे-जाणारे आजही पाण्याची भरलेली बाटली ठेवून नमस्कार करतात. देवापुढे फुले वाहावीत तसे येथे पाणी वाहिले जाते.

दोन हक्कांचा प्रश्न

२०१५ मध्ये भारतीय नागरिकांना दिवसभरासाठी, परवाना घेऊन, मोजक्या वाहनांतून नेलांगला जाण्याची मुभा मिळाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ४८०० कोटी रुपयांच्या ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ योजनेस मान्यता दिली. उत्तर सीमेवरील गावे रिकामी होऊ नयेत, हा तिचा हेतू असून पहिल्या टप्प्यासाठी ६६३ गावे निवडण्यात आली. जादुंगमधील पडकी घरे मूळ बांधणीप्रमाणे पुन्हा उभारून तेथे पाहुण्यांच्या निवासाची सोय करण्याचे कामही हाती घेण्यात आले. ६ मार्च २०२५ रोजी हर्षिल येथे झालेल्या सभेत पंतप्रधानांनी नेलांग व जादुंगच्या विस्थापनाचा उल्लेख करून ही गावे पुन्हा वसवण्याचा मनोदय जाहीरपणे मांडला.

हे स्वागतार्ह आहेच. तथापि येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. साठ वर्षे माणूस नव्हता म्हणून या खोऱ्यात वन्यजीवांना निवांतपणा लाभला. आता माणूस परतला तर हिमबिबट्याचे काय होणार? आणि हिमबिबट्यासाठी खोरे बंदच ठेवायचे तर ज्यांनी देशाच्या रक्षणासाठी घरे सोडली त्या जाध कुटुंबांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर जाध समाजाच्या जुन्या राहणीतच सापडते. नेलांगचे लोक वर्षाचे बाराही महिने नेलांगला राहत नसत. बर्फ वितळले की ते वर जात, शेती करीत, गुरे चारीत, व्यापार करीत; बर्फ पडू लागले की खालच्या दऱ्यांत उतरत. हिवाळ्यात, जेव्हा भरल खालच्या उतारांवर येतो आणि त्याच्या मागे हिमबिबट्या येतो, तेव्हा खोरे वन्यजीवांचे असे. म्हणजे ऋतूंच्या आधारे माणूस आणि प्राणी यांनी भूमी वाटून घेतली होती. हा अलिखित करार कोणत्याही कायद्यापूर्वीचा होता आणि त्याने दोघांनाही जगवले. या पद्धतीने मूळ कुटुंबे हंगामी परतली, तर वन्यजीवांवर येणारा ताण मर्यादित राहील. शिवाय सीमेवर डोळे आणि कान असलेली, त्या मातीला आपली म्हणणारी माणसे उभी राहतील. त्यांच्या मेंढ्या किती असाव्यात, कोणते उतार भरलांसाठी राखावेत, हे वनखात्याने त्यांच्याशी बसून ठरवावे लागेल.

खरा धोका दुसरीकडून आहे. मूळ रहिवाशांआधी व्यावसायिक पर्यटन पोहोचले, तर गाव वसल्याचे दिसेल, परंतु त्यात गावकरी मालक म्हणून नसतील, नोकर म्हणून असतील. हिमालयाने ही लूट यापूर्वीही पाहिली आहे. एकोणिसाव्या शतकात हर्षिलला ठाण मांडून बसलेल्या फ्रेडरिक विल्सन या इंग्रजाने कस्तुरीमृग आणि मोनालांच्या शिकारीवर, आणि भागीरथीतून वाहत नेलेल्या देवदारांच्या ओंडक्यांवर अमाप संपत्ती मिळवली. ते देवदार रेल्वेच्या रुळांखाली गेले. आज कुऱ्हाड आणि बंदूक दिसणार नाही. आज ती लूट खाद्यपदार्थांच्या पाकिटांच्या रूपाने होईल. लडाख आणि स्पितीत हे घडले आहे: पर्यटकांनी टाकलेल्या उष्ट्यावर भटकी कुत्री वाढली, थंडीत पर्यटक परतल्यावर भुकेली कुत्री टोळ्या करून वन्य प्राण्यांच्या पिलांवर आणि गावकऱ्यांच्या मेंढ्यांवर पडू लागली. अर्धवट खाऊन फेकलेला बिस्किटाचा पुडा हिमबिबट्याच्या तोंडचा घास हिरावू शकतो, तो असा.

धरालीने दिलेला इशारा

५ ऑगस्ट २०२५ रोजी हर्षिलजवळच्या धराली गावावर खीरगंगेच्या ओढ्यातून पाण्याचा, चिखलाचा आणि दगडांचा प्रचंड लोंढा आला. काही क्षणांत हॉटेले, घरे, बाजारपेठ त्याखाली गेली. अनेकांचे प्राण गेले, कित्येक जण बेपत्ता झाले. हर्षिलच्या लष्करी तळालाही तडाखा बसला आणि आपले सहकारी बेपत्ता असतानाही जवान बचावकार्यात उतरले. महाराष्ट्रातून गेलेले शंभराहून अधिक यात्रेकरू रस्ते तुटल्याने त्या भागात अडकले. त्यांना हवाई मार्गाने सुखरूप बाहेर काढण्यात आले. येथील कितीतरी घरांनी ते दिवस दूरध्वनीकडे कान लावून काढले.

या आपत्तीचा धडा स्पष्ट आहे. डोंगरावरून येणारा ओढा ज्या पंख्यासारख्या गाळाच्या पट्ट्यावर पसरतो, ती जागा ओढ्याची असते. जुन्या पिढ्या अशा जागी शेती करीत, पण घरे बहुधा वरच्या पक्क्या उंचवट्यावर बांधीत. धरालीचे प्राचीन कल्पकेदार मंदिर पूर्वीच्या पुरांच्या गाळात बरेचसे गाडलेले होते. ओढा येथवर येतो, हे ते मंदिर येणाऱ्याजाणाऱ्यास दाखवीत होते. तरी त्याच पट्ट्यात यात्रेकरूंसाठी बहुमजली इमारती उठल्या, आणि या वेळी मंदिरही पूर्ण गाडले गेले. गोमुख ते उत्तरकाशी हा भागीरथीचा पट्टा डिसेंबर २०१२ मध्येच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेला आहे. नियम कागदावर होते. त्यांचे पालन करून घेण्याची आणि पालन करण्याची, दोन्ही इच्छा कमी पडल्या. आणि यात यात्रेकरूही निरपराध नाहीत. नदीकाठचीच खोली हवी, गाडी दारापर्यंत यावी, मैदानातल्या सर्व सोयी दहा हजार फुटांवर मिळाव्यात, हा आग्रह आपल्याकडूनच धरला जातो. मागणी असते तेथे इमारत उभी राहते.

नेलांगमध्ये ही चूक अजून झालेली नाही. म्हणूनच तिची चर्चा आज करण्यात अर्थ आहे.

जाणाऱ्याने काय करावे

नेलांगला जाऊ नये, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. देशाचा हा कोपरा प्रत्येक भारतीयाने, विशेषतः तरुणांनी, पाहावा. शाळेच्या नकाशातील सीमारेषा तेथे डोंगर, वारा आणि पहाऱ्यावरचा जवान होऊन समोर येते. मात्र जाणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत.

पहिले पथ्य प्रकृतीचे. मुंबई-पुण्याहून निघून घाईघाईने साडेअकरा हजार फुटांवर जाऊ नये. उत्तरकाशीला आणि नंतर हर्षिलला मुक्काम करीत, शरीराला विरळ हवेची सवय होऊ देत चढावे. डोकेदुखी, मळमळ, धाप ही लक्षणे वाढली तर प्रवास तेथेच थांबवून खाली उतरावे. उद्यान १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर या काळात खुले असते. पावसाळ्याचे महिने दरडींचे असल्याने मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ बरा. परवान्याचे नियम निघण्यापूर्वी उत्तरकाशीच्या प्रशासनाकडे आणि वनखात्याकडे विचारून घ्यावेत.

दुसरे पथ्य सीमेचे. लष्करी ठाणी, पूल आणि वाहने यांची छायाचित्रे घेऊ नयेत. जवान थांबा म्हणाला तर वाद न घालता थांबावे.

तिसरे पथ्य वन्यजीवांचे. गाडीतून उतरून भरलांच्या मागे धावू नये, आवाज करू नये, आणि सोबत नेलेला प्रत्येक कागद, पिशवी, बाटली परत खाली आणावी. जवानांच्या स्मारकापाशी ठेवलेले पाणी ही श्रद्धा आहे. रस्त्याकडेला फेकलेली रिकामी बाटली हा त्या श्रद्धेचा अपमान आहे.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य माणसांचे. परतताना बगोरीत एक दिवस काढावा. लाकडी घरांच्या त्या गावात लोकर कातणाऱ्या स्त्रिया दिसतील. त्यांच्याकडून एखादा पट्टू, शाल, मोजे घ्यावेत. हर्षिलचा राजमा आणि सफरचंदे घ्यावीत. मुक्काम करायचा तर गावकऱ्यांच्या घरी करावा. एखाद्या आजोबांपाशी बसून नेलांगविषयी विचारावे आणि ते सांगतील ते शांतपणे ऐकावे. आपल्या लेकरांना सोबत बसवावे.

बंधु-भगिनींनो, देशाच्या सीमा जवान राखतात हे खरे. परंतु त्या सीमांवर माणसांनी वसणे, तेथील भाषा, देवता, गुरे, गवत आणि रानातला हिमबिबट्या यांनी टिकून राहणे, हेही सीमेचे रक्षणच आहे. १९६२ मध्ये जाध कुटुंबांनी देशाच्या हाकेला मान देऊन उंबरठे ओलांडले. ते पुन्हा ओलांडून आत जाण्याची वेळ आता आली आहे. त्यांच्याआधी तेथे गर्दी करून त्यांची जागा आपण अडवू नये, आणि त्यांच्या मागून, त्यांचे पाहुणे म्हणून जावे. भैरवघाटीच्या पुलावरून पुढच्या खेपेस गाडी जाईल, तेव्हा चालकाला क्षणभर थांबायला सांगावे, खालच्या नदीकडे पाहावे आणि मुलांना तिचे नाव सांगावे.